शंभर टक्के उपलब्ध रेडा

मी जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्या माणसाच्या अकलेविषयी मला काळजी वाटेल. बाबी धुरीच्या हॉटेलात ही हकिगत मी इतक्यांदा सांगितलीय की आता बाकडीसुद्धा पाठ म्हणून दाखवतील. बाबी दरवेळी चहाच्या टोपावरून मान वर करून एवढंच म्हणतो, "तातूकाका, साखर जराशी कमी घाला." चहात नव्हे, हकिगतीत.

आज मात्र बाबी गप्प आहे. कारण समोरच्या बाकड्यावर खुद्द केतकी मेस्त्री बसलीय. परदेशातल्या बंदरांवर वर्षानुवर्षं क्रेनवाल्यांना शिकवून ती कालच गावी आली. हकिगत तिचीच, आणि ती तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलेली नाही. अशा वेळी एखादा सांभाळून बोलेल. मी उलट दोन चमचे जास्तच घालणार आहे.

तर आमच्या करंजबंदराला समुद्रातल्या पवनचक्क्यांचा प्रकल्प आला होता. खांब आणि पाती किनाऱ्यावर जोडायची, माडांच्या तिप्पट उंच अशा क्रेननं उचलून तराफ्यावर ठेवायची आणि समुद्रात ओढत न्यायची. समुद्र शांत असतो ते महिने मोजके. तेवढ्यात काम उरकलं नाही तर वर्ष फुकट. मी तिथे नियोजन खात्यात होतो. नियोजन म्हणजे काय, हे मी बाबीला समजावलंय ते तुम्हालाही सांगतो.

लग्नघर डोळ्यासमोर आणा. आचारी एकच. त्याला लाडू वळायचेत आणि भाताखालचा जाळही बघायचाय. दोन्ही एकदम होत नाही. मग जे थांबू शकतं ते थांबवायचं. लाडू उद्या वळले तरी लग्न लागतं. भात उद्या शिजला तर वऱ्हाड तुम्हाला शिजवतं. लाडवांना थांबायची जी मुभा आहे तिला आम्ही 'सवड' म्हणायचो. कुठल्या कामाला किती सवड आहे ते हेरायचं आणि असलेली माणसं त्याप्रमाणे फिरवायची, एवढीच सगळी विद्या. कठीण भाग एकच. माणूस उद्या येईल की नाही, हे कोण सांगणार?

मी सांगायचो. गवंड्यानं जाताना डबा धुऊन नेला की तो उद्या येणार; न धुता नेला की त्याच्या घरी भांडण आहे, उद्या दांडी. पण कंपनीला हे शास्त्र पुरेसं वाटलं नाही. तिनं यंत्र आणलं. कागदोपत्री त्याचं नाव 'उपलब्धता नियोजक'. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं: आत्याबाई. कारण कोणाच्या घरी काय चाललंय हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळायचं.

करायची कसं ते ऐका. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा. दोन ठोक्यांमधलं अंतर कायम सारखं नसतं. माणूस ताजा असला की ते सैल, लवचीक असतं, थकला किंवा आजारी पडायला आला की ठोके घड्याळासारखे ताठ पडायला लागतात. शिवाय कातडीची ऊब, घाम, झोप, चालण्याची लय. हे सगळं हजारो माणसांचं, वर्षानुवर्षांचं जमवून आत्याबाई ताप चढायच्या दोन-तीन दिवस आधीच सांगायची की हा सुतार बुधवारी मिळणार नाही. आणि तो मिळायचा नाही. घरच्या माणसांनाही कंपनीनं पट्टे फुकट वाटले, आरोग्यसेवा म्हणून. मुलाला गोवर येणार असेल तर बापाची रजा आधीच मांडून ठेवता येते ना!

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा आम्ही केला, आणि तो आमच्या मुलखातल्या माणसांनाच जमावा असा होता. नावं नोंदवताना आत्याबाई प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची: तुमच्या जागी कोण काम करू शकेल? आता पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून कोर्टात जाणारी माणसं आम्ही! वेल्डर म्हणाला, कोणी नाही. पंपवाला म्हणाला, कोणी जन्माला यायचाय. स्वयंपाक्यानं तर आत्याबाईलाच विचारलं, तुला काय वाटतं? एकूण एक माणसानं छाती फुगवून तेच उत्तर दिलं. यंत्राला गर्व कळत नाही. त्यानं ते खरं धरलं. इथला प्रत्येक माणूस अमूल्य, सबब कोणालाच सोडता येत नाही.

"काका, तुम्ही काय उत्तर दिलेलात?" बाबीनं आज पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी म्हटलं, माझ्या जागी खुर्चीसुद्धा नीट बसत नाही."

केतकीनंही 'कोणी नाही' असंच सांगितलं होतं. तेव्हा ती ऐन पंचविशीत. साऱ्या किनाऱ्यावर एवढ्या क्रेनचा परवाना असलेली एकटी. तिनं म्हटलं ते खोटं नव्हतं, पण कामाची गंमत बघा. उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं, ते सगळं आत्याबाई स्वतः करायची. फक्त कायदा असा होता की वर केबिनमध्ये परवानाधारक जिवंत माणूस हवा आणि त्याचे ठोके शांत हवेत. ठोके बिथरले की क्रेन जागच्या जागी थिजायची. म्हणजे एवढं शिकून केतकीचं मुख्य काम काय, तर वर बसायचं आणि न घाबरता जिवंत असायचं.

एका सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यावर आत्याबाईचा निरोप होता. 'अनुपलब्धता मंजूर. मंगळवार ते गुरुवार. कारण: पितृनिधन.'

"काका, ह्या काय?" ती म्हणाली. "माझो बापूस जितो असा. आत्ता पेज पिऊन अंगणात बसलोहा."

मी निरोप पुन्हा वाचला. गोपाळ मेस्त्री, तिचा बाप. जन्मभर होड्या बांधल्या, आता काळजाची झडप कामातून गेलेली. त्याच्याही मनगटाला पट्टा होता. आत्याबाईनं ठोके मोजले होते, उतार काढला होता आणि उताराच्या पायथ्याशी मंगळवार मांडला होता. वर लेकीची रजाही मांडून मोकळी झाली होती. तत्पर बाई!

"मंगळवारी जाऊन काय करू? मडक्यात पाणी भरू?" केतकीचा आवाज फाटला. "माका त्याच्या वांगडा बसूक होया. आता. तो बोलता असा तोपर्यंत."

मी तिला घेऊन प्रकल्पप्रमुख राजाध्यक्ष मॅडमकडे गेलो. बाई वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट बाई असती तर काम सोपं झालं असतं. तिनं केतकीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपल्या टेबलावरच्या आत्याबाईला विचारलं, "हिला आजपासून रजा देता येईल का?"

आत्याबाईचा आवाज गोड होता. "अंत्यविधीला सवड नाही, म्हणून ती रजा मंजूर आहे. शेजारी बसणे या कामाला भरपूर सवड आहे."

"भरपूर म्हणजे?" मी विचारलं.

"या कामावर पुढचे कोणतेही काम अवलंबून नाही. रुग्णाची उपलब्धता संपली की हे काम आपोआप रद्द होते. प्रकल्पावर परिणाम शून्य."

राजाध्यक्ष मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि उगीच पुसत बसल्या.

केतकी शुद्ध भाषेत, एकेक शब्द ठेवून बोलली, "मॅडम, ते काम नाहीये. माझे वडील आहेत ते."

"कळतंय गं मला. पण क्रेन थांबली की खांब थांबले, खांब थांबले की समुद्र बंद व्हायच्या आत काही होत नाही, आणि मग ही सगळी माणसं घरी. तुझ्या जागी कोणी असतं तर मी आत्ता सही केली असती. तूच लिहून दिलंयस, कोणी नाही म्हणून."

बाहेर ओटीवर आल्यावर केतकी रडली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती आणि हकिगत तिथेच संपली असती. ती नुसती क्रेनकडे बघत राहिली. आणि माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मी माणसं फिरवली होती, याला तिकडे, त्याला इकडे. पण मरणाऱ्या माणसाशेजारी बसणं म्हणजे रद्द होणारं काम, हे वाक्य माझ्या विद्येतूनच निघालं होतं आणि ते ऐकून घेऊन चहा प्यायला जायचं? नाही म्हणजे नाही!

"पट्टा काढ," मी म्हटलं. "आणि चालू लाग. खाडीपलीकडे जाणारी होडी अजून धक्क्यालाच आहे."

"आणि क्रेन?"

"ती माझी काळजी."

"काका, तुमची नोकरी जातली. वर परवानो नसताना कोण बसलो असा कळला तर तुरुंगसुद्धा होतलो."

"कोण बसणार? माणूस कशाला हवा? आत्याबाईला ठोके हवेत. बाबीच्या बापाचा रेडा आहे ना, सरदार? त्याला बांधतो पट्टा."

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पट्टा माझ्या तळहातावर ठेवला आणि वळून धावतच गेली.

आता सरदारविषयी. असा रेडा पुन्हा होणे नाही. शिंगं अशी की त्यावर दोन लुगडी वाळत घालावीत, आणि स्वभाव निवृत्त हेडमास्तरचा. रेड्याचे ठोके माणसाच्या ठोक्यांच्या जवळपासच पडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पट्टा आपला माणूस ओळखतो तो ठोक्यांच्या ढंगावरून. पण तो ढंग अधूनमधून नव्यानं शिकवावा लागतो, आणि ते शिकवणं नियोजन खात्याकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. मी सरदारला क्रेनच्या पायथ्याशी सावलीत बांधलं, पुढच्या पायावरचे केस भादरले, पट्टा आवळला आणि आत्याबाईला सांगितलं, ही केतकी.

पहिला तास भयंकर गेला. सरदारचे ठोके असे उधळले की क्रेन दोनदा थिजली. आत्याबाई पट्ट्यातून गोड आवाजात सांगत होती, "केतकी, दीर्घ श्वास घे. खाली बघू नकोस."

"जमिनीवरच्या रेड्याक खाली काय बघूचा?" बाबीनं विचारलं.

"गवत. मध्ये बोलू नकोस."

मग मी त्याला गोष्टी सांगितल्या. सगळ्या माझ्याच, म्हणजे सगळ्या खऱ्या. सुसरीच्या पाठीवर बसून मी खाडी ओलांडली ती, फणसाच्या झाडावर वीज पडून गरे आपोआप तळले गेले ती. हळूहळू ठोके खाली आले. क्रेननं पहिलं पातं उचललं, आभाळात फिरवलं आणि तराफ्यावर असं अलगद ठेवलं, जसं कोणी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतं.

दुपारी आत्याबाईला शंका आली. रेड्याचं अंग माणसापेक्षा थोडं गरम. "केतकी, तुझ्या अंगात कसर आहे," असं म्हणून तिनं उडत्या खोक्यातून तापाच्या गोळ्या पाठवल्या. सरदारनं गोळ्या खाल्ल्या, खोकं खाल्लं, आणि त्याचा एक पंखाही चावला.

तिसऱ्या दिवशी राजाध्यक्ष मॅडमचा फोन आला. पट्ट्यातूनच आवाज. "केतकी, वर सगळं ठीक आहे ना?"

सरदार म्हणाला, "हंऽऽ."

"मला तुझ्या वडिलांचं मनापासून वाईट वाटतंय."

"हंऽऽ."

"रागावलीस माझ्यावर?"

सरदारनं आधी शेपटीनं दोन माशा हाकलल्या. मग नाकातून म्हणाला, "हं."

मग बाई म्हणाली, "मीही रागावले असते," आणि तिनं फोन ठेवला. सांगतो ना, बाई वाईट नव्हती.

पलीकडच्या वाडीत काय चाललं होतं ते मला केतकीनं नंतर सांगितलं. बापलेकीनं काहीही मोठं केलं नाही. अंगणात खाट टाकून दोघं पत्ते खेळत होती, गुलामचोर. गोपाळ मेस्त्री गुलाम उशीखाली दडवायचा, ती पकडायची, तो म्हणायचा, "मरणाऱ्या माणसावर आळ घेतंस?" मध्येच झोपायचा, उठला की कोणाची पाळी म्हणून विचारायचा. होडीच्या फळ्या सांधताना आई कशी खालून पाणी मारून बघायची, ते त्यानं सांगितलं. ही आई केतकीला आठवतही नव्हती.

आणि मंगळवार उजाडला. आत्याबाईचा मंगळवार! त्या दिवशी गोपाळ मेस्त्री उठून बसला, पेजेबरोबर सुका बांगडा मागितला आणि दोन खाल्ले. यंत्रानं सांगितलेल्या दिवशी मरायला तो काही कंपनीच्या पगारावर नव्हता. बुधवारी त्यानं दाढी करून घेतली. गुरुवारी संध्याकाळी पितृनिधनाची रजा संपली, आणि पिता गुलाम दडवत बसला होता. सरदारनं तीन दिवस विश्रांती घेतली होती; शुक्रवारी तो पुन्हा कामावर हजर झाला. गोपाळ मेस्त्री गेला तो त्यानंतर, स्वतःच्या सवडीनं, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून, जिंकत आलेला डाव अर्धा टाकून.

केतकी परत आली तेव्हा आवारात फलक लागला होता. 'शंभर टक्के उपलब्ध.' खाली तिचा फोटो. साऱ्या किनाऱ्यावर इतके शांत ठोके आत्याबाईनं पाहिले नव्हते.

ही बातमी दबते थोडीच? वेल्डर आला. त्याच्या बहिणीचं बाळंतपण होतं. पंपवाला आला, त्याला काहीच नव्हतं, नुसतं घरी बसून बायकोशी बोलायचं होतं. मी म्हटलं, तेही काम नाही, घेऊन ये रेडा. पंधरवड्यात खाडीच्या दोन्ही तीरांवरचे रेडे आणि म्हशी पट्टे बांधून रवंथ करत होत्या. आत्याबाईला साक्षात्कार झाला. कोणी आजारी नाही, कोणी रागावत नाही, रजा कोणी मागत नाही, माणसं ओसंडून उपलब्ध! मग तिनं हिशेब नव्यानं मांडला आणि जाहीर केलं की प्रकल्पाला सवडच सवड आहे, सबब ज्याला ज्याच्याजवळ बसायचंय त्यानं खुशाल बसावं. आणि काम? समुद्र खवळायच्या आत शेवटचा खांब उभा! वर आत्याबाईनं कंपनीला शिफारस पाठवली की प्रकल्पप्रमुखाच्या जागी केतकीला, म्हणजे सरदारला, बसवावं. आम्ही त्याला आंघोळ घातली, शिंगांना तेल लावलं, मॅडमच्या खुर्चीचे हात कापून ती रुंद केली, आणि सरदार त्या खुर्चीत...

"काका, थांबा."

केतकी उठून उभी राहिली होती. तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"खुर्चीवरनं आठवला," ती म्हणाली. "क्रेनच्या केबिनमधली खुर्ची रिकामी असली तर ब्रेक सुटत नाय. मी पोरांका पहिल्याच दिवशी ता शिकवतंय. खुर्चीखाली वजनाचो काटो असता. आज असा, तेव्हाही होतो. खाली कितीही रेडे बांधा, वर कोण बसल्याशिवाय एक पातं हलूचा नाय."

"काही काटे बिघडतात," मी म्हटलं.

"माझो बिघडलेलो नव्हतो. मी परत इलंय तेव्हा खुर्ची पुढे ओढलेली होती, आखूड पायांच्या माणसाची. आणि खुर्चीसमोर जानव्याच्या दोऱ्यानं बांधलेली गणपतीची तसबीर. माका वाटला, तुमी दुसऱ्या बंदरातनं कोण परवानेवालो आणलास. त्या दिवसांत विचारूचा भान नव्हता माका."

बाबीचा चहा उतू जात होता. त्यानं गॅस बंद केला नाही.

"माडावर चढलेल्या माणसाकडे बघताना तुमी डोळे मिटतास, काका. घराच्या माळ्यावर तुमी आयुष्यात कधी गेलेलास नाय, सगळो गाव जाणता. खाली बघू नको म्हणून आत्याबाई कोणाक सांगी होती? रेड्याक?"

मी कप उचलला. कप रिकामा होता, तरी प्यायलो.

ती बाकडं ओलांडून माझ्यापुढे आली आणि साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोटा बोलतास तुमी. रेडो नव्हतोच. वर तुमी बसलेलास."